तीनशेला एक कमी

सोमवार, ८ जानेवारी

ही वही मॉरीन क्लेगने दिली. मॉरीन आमच्या समर्थक मंडळाची चिटणीस, वय सत्तरच्या पुढे, आणि तिला नाही म्हणायची टाप क्रॅगथॉर्पमध्ये कोणाची नाही. एका क्लबात दहा वर्षं काढली की त्या खेळाडूचं सन्मान-वर्ष करतात. जेवणं, लिलाव, भाषणं, एक पुस्तिका. माझं अकरावं चालू आहे, म्हणजे यंदा माझी पाळी.

"रोज चार ओळी लिहीत जा," म्हणाली. "त्यातल्या बऱ्या निवडून पुस्तिकेत घालू."

म्हटलं, बऱ्या निघायच्या नाहीत.

"मग मी घालीन माझ्या पदरच्या."

तर मी ब्रेट हेपवर्थ, वय चौतीस, रग्बी लीग खेळतो, जागा प्रॉप. प्रॉपचं काम म्हणजे चेंडू बगलेत धरायचा आणि समोरच्या तिघांच्या अंगावर धावत जायचं. पडायचं, उठायचं, पुन्हा जायचं. चेंडू सुंदर उडवणारे, पळणारे वेगळे. आमच्यासारख्यांना कोणी बघायला येत नाही, पण आम्ही नसलो की लोकांच्या लक्षात येतं म्हणतात.

आजवर २९६ सामने झाले. मैदानात जायच्या बोळात एक लाकडी फळी आहे, तीनशे पुरे केलेल्यांची नावं तिच्यावर सोनेरी रंगात. शंभरावर वर्षांच्या क्लबात पाच नावं. करार यंदाचाच आहे, पुढे देणार नाहीत हे आमच्या कोचने, ग्लेनने, तोंडावर सांगितलंय. चार सामने हवेत. बाकी आता कशाची हौस उरली नाही, गुडघे तर रोज सकाळी शिव्या देतात. पण ते नाव हवंय मला. हे छापलं तरी चालेल.

गुरुवार, ११ जानेवारी

हे छापायचं नाही.

आज डोक्याची वार्षिक चाचणी. मोसमाआधी प्रत्येकाची घेतात. डॉक्टर पंधरा शब्द वाचून दाखवतात, थोड्या वेळाने तुम्ही आठवतील ते सांगायचे. आकडे उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. पुढे सामन्यात डोक्याला लागलं की तीच चाचणी पुन्हा घेतात आणि आजच्या गुणांशी ताडून बघतात. गुण घसरले, तर बाहेर.

म्हणून आम्ही सगळे आज मुद्दाम वाईट देतो. पहिल्या वर्षी ग्लेन सटक्लिफने शिकवलं. तेव्हा तो माझ्या शेजारी खेळायचा, आता कोच आहे. "आज मठ्ठ हो," म्हणाला होता, "म्हणजे लागल्यावरही तेवढाच मठ्ठ दिसशील." पंधरा शब्द आठवत असायचे, मी नऊ सांगायचो. सहा खायचे. दहा वर्षं हेच.

नाताळात जेवताना लिंझीला हे गंमत म्हणून सांगून बसलो. बायको हसली नाही. तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "यंदा खरी दे. मला दुसरं काही नको."

तर यंदा खरी दिली. जीव तोडून दिली, कपाळाला घाम आला. डॉ. नाहीद अख्तर कागद बघत म्हणाल्या, "शाब्बास ब्रेट. नऊ. गेल्या वर्षीसुद्धा नऊ. बाकीच्यांचे वर-खाली होतात, तू मात्र जिथल्या तिथे."

म्हटलं, मालच पक्का आहे डॉक्टर.

घरी येऊन लिंझीला सांगितलं, नऊ, गेल्या वर्षीइतकेच. ती पाव कापत होती. म्हणाली, "पण गेल्या वर्षी तर तू…" आणि पुन्हा पाव कापायला लागली. मग म्हणाली, "चहा घेतोस?" खूश होईल असं वाटलं होतं. वृद्धाश्रमातल्या नोकरीने फार दमते हल्ली. दिवसभर तेच तेच विचारणारे म्हातारे आणि म्हाताऱ्या.

रविवार, २१ जानेवारी

सरावाचा आठवडा. टेकडीवर सहा वेळा पळवलं. रात्री जिना बसून बसून चढलो. एरिन वरून बघत होती. "बाबा, ढकलू का?" म्हणाली. नऊ वर्षांची आहे, पण जीभ मॉरीनची.

तिने पोहण्याचा बिल्ला मिळवला, पंचवीस मीटर. फ्रिजवर लावलाय.

शनिवार, ३ फेब्रुवारी

माझ्या सन्मानाचं पहिलं जेवण. मटण भरून भाजलेल्या पेस्ट्र्या, मटार, वर रस्सा, दोनशे माणसं. भाषण करायचं होतं. कागद होता, तरी मधल्या दोन ओळी गाळल्या असं लिंझी म्हणते. लोक हसले, मी पण हसलो.

तिला परत तेच सुचलंय, डॉक्टरकडे जाऊन सगळं सांग. म्हटलं, काय सांगू? डॉक्टर तर शाब्बास म्हणाल्या. त्यावर ती भांडी घासत राहिली. तिला मोसम सुरू व्हायच्या आधी असंच होतं, दर वर्षी.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज गंमत. दुकानातून दूध घेऊन चालत घरी आलो. लिंझीने विचारलं गाडी कुठे. गाडी दुकानासमोर. म्हटलं, पाय मोकळे करायचे होते. दोघं जाऊन घेऊन आलो. तिने चालवली.

एरिनने पोहण्याचा बिल्ला मिळवला आहे. पंचवीस मीटर. फ्रिजवर लावलाय. मला आधी कोणी सांगितलंच नाही. विचारलं तर पोरगी आईकडे बघायला लागली.

रविवार, १८ फेब्रुवारी

२९७. घरच्या मैदानावर हरलो, आठ गुणांनी. सोळा वेळा चेंडू घेऊन घुसलो. डावा खांदा गेला. ग्लेन म्हणाला, "म्हाताऱ्या, अजून दम आहे." दम नाहीये रे. सवय आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी

२९८. डोंगरापलीकडे लँकशायरमध्ये. पाऊस आडवा, चिखल तोंडात. जिंकलो. बसमध्ये सगळे गात होते, मी खिडकीला डोकं लावून बसलो. दिवे डोळ्यांना टोचतात म्हणून टोपी ओढून घेतली. शेजारच्याला वाटलं झोपलोय. बरंच झालं.

पुढचा २९९ परगावी, मग १० मार्च, तोही परगावी, आणि १७ला घरचा. १०ला तीनशे होतील. मॉरीनला ते पसंत नाही. तीनशेवा घरच्याच मैदानावर हवा, म्हणून मध्ये एक सामना "जरा लंगड" म्हणाली. असली बाई.

सोमवार, ४ मार्च

२९९ झाले. काल.

पहिला अर्धा नीट आठवतो. मग चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास एकाला खाली पाडायला वाकलो आणि त्याचा गुडघा माझ्या कानशिलावर आला. बाहेर नेलं, तपासणी केली, परत पाठवलं नाही. मग घरी. लिंझीने गाडी चालवली असणार. रात्री काय जेवलो कोण जाणे, सकाळी ताटलीला घेवड्याचा रस्सा लागला होता, म्हणजे टोस्टवर तेच खाल्लं असेल.

डोक्याला लागलं की नियम कडक आहेत, दहाचा सामना गेला. मॉरीनची इच्छा पुरी झाली. आता मंगळवारी, १२ला, तीच चाचणी. पास झालो की १७ला घरच्या मैदानावर तीनशे.

सकाळी क्लबात डॉ. अख्तरना विचारलं, "मंगळवारी चाचणी ना?" त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणाल्या, "ब्रेट, कालचं काय आठवतं तुला?" म्हटलं, गुडघा. "त्यानंतरचं?" म्हटलं, घरी गेलो. त्या म्हणाल्या, "बरं. आराम कर. लिंझीला मी फोन करते." काळजी करणारी बाई आहे.

मंगळवार, ५ मार्च

सगळे भलतेच गोड वागताहेत. लिंझीने रजा घेतलीय. गाडीच्या किल्ल्या तिच्या खिशात. ड्रेसिंग रूममध्ये मी शिरलो की बोलणं थांबतं. तीनशेव्या सामन्यासाठी काहीतरी बेत चाललाय यांचा, मला कळू द्यायचं नाहीये. मीही न कळल्यासारखं करतोय.

लिंझी म्हणाली, पुढच्या बुधवारी, १३ला, लीड्सला डोक्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय, दोघांनी. म्हटलं, चाचणी तर आदल्या दिवशीच आहे. ती म्हणाली, "असू दे. तरी जाऊ." आणि माझ्या केसांतून हात फिरवला. किती महिन्यांनी.

गुरुवार, ७ मार्च

छापायचं नाही. हे तर अजिबात नाही.

खेळायचं नसल्यामुळे विचार करायला वेळ मिळाला, ती सवय मला नाही. मैदानाला चालत फेऱ्या मारत होतो, डोक्यात हिशेब चालू होता की मंगळवारी पास होईन का. होणारच, म्हटलं. नऊच शब्द तर हवेत. नऊ काय, झोपेत सांगीन.

आणि मग तिथेच थांबलो.

दहा वर्षं मी नऊ सांगायचो ते सहा मुद्दाम खाऊन. यंदा एकही खाल्ला नाही. घाम गाळून, जीव तोडून दिली. तरी नऊ.

जानेवारीत. हा गुडघा लागायच्या आधी.

सहा शब्द गेले कुठे माझे? कधी गेले? डॉक्टर म्हणतात मी जिथल्या तिथे, कारण त्यांच्याकडच्या कागदावर तसंच दिसतं. कागदावर मी ठणठणीत आहे. मी घसरलोय हे जगात फक्त मला माहीत आहे, कारण आधीचे गुण खोटे होते हे मलाच माहीत आहे. आणि लिंझीला. तिला तर त्याच दिवशी कळलं होतं, पाव कापता कापता. मलाच कळायला दोन महिने लागले.

मंगळवारी गप्प बसलो तर पास. १७ला तीनशे. फळीवर नाव. तोंड उघडलं तर सगळं तिथेच संपलं.

शुक्रवार, ८ मार्च

ग्लेनला गाठलं. विचारलं, "सतराला मला धरलंयस ना?"

तो बुटाकडे बघत म्हणाला, "बघू रे."

म्हटलं, "बघू काय? मंगळवारी पास होणार मी. तूच शिकवलंयस कसं व्हायचं ते."

हसेल असं वाटलं. हसला नाही. म्हणाला, "ते शिकवायला नको होतं मी तुला." आणि मिठी मारली. ग्लेन मिठी मारणाऱ्यातला नाही. त्याचं लग्न झालं तेव्हासुद्धा त्याने बायकोशी हात मिळवला होता अशी आमच्यात थट्टा आहे. माझ्या मानेत तोंड घालून म्हणाला, "जा घरी, मासे आण एरिनला, शुक्रवार आहे."

मासे आणि बटाट्याचे काप आणले. लिंझी बरोबर आली होती. व्हिनेगरचा वास गाडीत भरला, एरिन मागे बसून कागद उघडून खात होती. वाटलं, आहे हे काय वाईट आहे. मग घरी आल्यावर पुन्हा तो फळीचा विचार.

शनिवार, ९ मार्च

ठरवलं, सांगणार नाही. एक सामना. ऐंशी मिनिटं, त्यातली माझी फार तर चाळीस. तीनशे सामन्यांत जे झालं ते चाळीस मिनिटांनी काय वाढणार आहे? खेळून घेतो, मग सोमवारी सांगतो. हा काही गुन्हा नाही.

रविवार, १० मार्च

आईचा दिवस. एरिनने लिंझीला कार्ड केलं. आत आमच्या तिघांचं चित्र. माझ्या डोक्यावर मोठी पट्टी काढलीय. लिंझीने विचारलं, बाबाला ही पट्टी का? म्हणाली, "म्हणजे कोणी धक्का मारणार नाही."

दुपारी आमचा संघ माझ्याशिवाय हरला. रेडिओवर ऐकलं. बरं वाटलं नाही, पण फार वाईटही वाटलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

सांगणार. मंगळवारी सांगणार. काल काय लिहिलं ते वाचलं. एक सामना, म्हणे. दर वेळेला एकच सामना असतो.

सोमवार, ११ मार्च

दिवसभर तोंडाने घोकत होतो, कसं सांगायचं. डॉक्टर, मी तुम्हाला दहा वर्षं फसवलं. नको, तुम्ही इथे पाचच वर्षं आहात. डॉक्टर, मी या क्लबला. नको. मॉरीनचा फोन आला, पुस्तिकेचं मुखपृष्ठ झालंय. "छान दिसतोयस हो, नाक सोडून," म्हणाली आणि मग कधी नव्हे ते तिचा आवाज बसला. "जप बाळा," म्हणाली. मला तिने बाळा पहिल्यांदाच म्हटलं. तिची तिकिटं विकली गेली असणार सगळी, तिला कोणत्या तोंडाने सांगू?

आजवर अंगावर धावून आलेल्या माणसाची मला भीती वाटली नाही. उद्याची वाटतेय.

मंगळवार, १२ मार्च

सगळं लिहून काढतो, जसं झालं तसं.

दहा वाजता डॉ. अख्तरांच्या खोलीत गेलो. टेबलावर चाचणीचे कागद नव्हते. मी बसलो, म्हटलं, "कागद काढायच्या आधी मला काही सांगायचंय." आणि सांगून टाकलं. मुद्दाम खाल्लेले शब्द, दहा वर्षं, यंदाची एकच खरी, तरी नऊ. न थांबता सांगितलं, थांबलो असतो तर जमलं नसतं. ग्लेनचं नाव घेतलं नाही.

त्यांना धक्का बसेल, चिडतील, असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ब्रेट, हे तू मला सांगितलं आहेस."

म्हटलं, कधी?

"तीन तारखेला, रविवारी. सामन्यानंतर. त्या तिकडच्या मैदानाच्या खोलीत, एक बूट पायात आणि एक हातात घेऊन तू आलास आणि दार लावून घेतलंस."

म्हटलं, नाही. मी घरी गेलो.

"त्यानंतर गेलास घरी."

रेडिएटरकडे बघितलं. मग विचारलं, मी काय म्हणालो.

"आत्ता म्हणालास तेच. जवळजवळ त्याच शब्दांत. नऊ शब्दांचं पण. फक्त तेव्हा रडत होतास." त्यांनी डोळे पुसले, त्यांचे. "मी तुला म्हटलं, ब्रेट, मग आता तुला खेळता येणार नाही. पुन्हा कधीच नाही. तू म्हणालास, माहीत आहे, म्हणून तर आलो. मी म्हटलं, लिंझीला मी सांगते. म्हणालास, नको, माझं मी सांगतो. आणि गाडीत बसल्यावर तिला सांगितलंस. ग्लेनलासुद्धा तूच सांगितलंस, बसच्या दारात."

"मग कोणी मला का नाही…"

"सोमवारी तू हसत आलास आणि मंगळवारी चाचणी ना, म्हणून विचारलंस. तुला काहीच आठवत नाही हे तेव्हा कळलं आम्हाला. लिंझीला फोन केला. ती म्हणाली, लीड्सच्या मोठ्या डॉक्टरांसमोर एकदाच सांगू, रोज नव्याने त्याला तोच धक्का नको. चूक झाली असेल आमची. कळेना आम्हाला काय करावं."

म्हणजे ते गोड वागणं, ती मिठी, तो मॉरीनचा आवाज. बेत कसला आणि काय कसला. सगळ्या गावाला माहीत होतं मी संपलोय, मला सोडून.

आणि मी आठवडाभर तेच घोकत फिरलो, सांगू की नको, सांगू की नको. जे काम करून झालं होतं त्यासाठी. जन्मात एकदा धीराचं काहीतरी केलं, आणि तेवढंच नेमकं आठवत नाही.

निघताना त्यांच्याशी हात मिळवला. त्या म्हणाल्या, "तेव्हाही मिळवला होतास." दारात मग विचारलं, "डॉक्टर, दोन्ही वेळा सारखंच बोललो ना मी?"

"हो," म्हणाल्या. "दोन्ही वेळा."

लिंझी बाहेर गाडीत होती. तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. म्हणाली, "परत सांगितलंस?" म्हटलं, परत सांगितलं. मग तिने गाडी चालू केली नाही.

बुधवार, १३ मार्च

लीड्स. फोटो काढले डोक्याचे, पुष्कळ प्रश्न विचारले. मोठे डॉक्टर भले आहेत, हळू बोलतात. पुढे किती आणि कधी, ते आत्ता कोणी सांगू शकत नाही म्हणाले. लिंझीने सगळं लिहून घेतलं. मी तिच्या अक्षराकडे बघत होतो.

रविवार, १७ मार्च

सामना बघितला, पहिल्यांदाच तिकीटवाल्यांत बसून. एरिन मांडीवर, खरं तर मांडीवर बसायचं तिचं वय गेलंय. मध्यंतरात मला मैदानात नेलं. लोक उभे राहिले. मॉरीनने ठरवून ठेवलं होतं की शेवटचं एक मिनिट मला उतरवायचं, म्हणजे तीनशे धरता येतील. डॉ. अख्तर नाही म्हणाल्या. त्याच्या आधी मी नाही म्हणालो होतो, असं लिंझी सांगते.

जिंकलो. माझ्या जागी खेळला त्याने अठरा वेळा चेंडू नेला. नीट पडतो, खांद्यावर, डोकं बाजूला ठेवून. जानेवारीच्या चाचणीत एकही शब्द खायचा नाही हे त्याला मी सांगणार आहे, ग्लेनच्या देखत.

घरी आल्यावर जेवताना मी लिंझीला विचारलं की पुढचा सामना कधी आहे माझा. तिने सांगितलं. शांतपणे सांगितलं, चौथ्यांदा, हे नंतर एरिनकडून कळलं. मग ती वही घेऊन आली आणि म्हणाली, पहिल्या पानावर लिही, तुझ्या हाताने, मोठ्या अक्षरात. मॉरीनला काय छापायचं ते मागून बघू.

पहिलं पान भरलेलं होतं, म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलं:

ब्रेट, तू २९९ वर थांबलास. कोणी काढलं नाही. तू स्वतः जाऊन डॉक्टरला सांगितलंस, दोनदा. खरं वाटलं नाही तर लिंझीला विचार. पण सारखं विचारू नकोस, तिला दर वेळी सांगावं लागतं.